सर्व खोल्यांत समान संगीत

ज्या घरात संगीत एका खोलीत असतं आणि माणसं दुसऱ्या खोलीत, त्या घराला सुसंस्कृत म्हणणं हा निव्वळ सौजन्याचा भाग आहे. हे सत्य माझ्या भाऊजींना एका रविवारी सकाळी दाढी करताना उमगलं. बाहेरच्या खोलीत गाणं लागलं होतं, भाऊजी न्हाणीघरात होते, आणि नेमकं गाणं रंगात आलं असताना त्यांनी नळ सोडला. मधला सगळा तुकडा पाण्यात वाहून गेला. सामान्य माणसाने नळ बंद केला असता. भाऊजींनी समिती नेमली.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते शहराच्या सिग्नल विभागात उपनियोजक आहेत. त्यांनी आखलेल्या मोठ्या चौकात गेल्या अकरा वर्षांत एकही अपघात झालेला नाही (तिथे वाहनं हलतच नाहीत). त्याबद्दल विभागाने त्यांचा दोनदा सत्कार केला. दुसऱ्या खेपेला प्रमुख पाहुणे त्याच चौकात अडकल्यामुळे सत्कार फोनवरून उरकावा लागला. सांगायचा मुद्दा, नियोजन त्यांच्या रक्तात आहे. मी बदलीच्या निमित्ताने त्यांच्याकडे तीन आठवड्यांसाठी राहायला आलो, त्याला आता चार वर्षं झाली. एवढ्या काळात त्या घरात एकही गोष्ट आपोआप घडलेली मी पाहिलेली नाही. माझं राहणंसुद्धा दर सहा महिन्यांनी रीतसर मुदतवाढ घेऊन चालू आहे.

घरात आम्ही पाच माणसं. ताई इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसते आणि दिवसाला चारशे नंबर पुकारते, घरी आल्यावर तिचं पहिलं वाक्य असतं, "आता अर्धा तास मला कोणी काही ऐकवू नका." भाची सोळा वर्षांची आहे. तिच्या कानात सतत इयरफोन असतात. तिचे कान आता कसे दिसतात हे तिच्या आईलाही खात्रीने सांगता येणार नाही. भाऊजींचे वडील आप्पा अठ्ठ्याहत्तरचे. चाळीस वर्षं छापखान्याच्या मशीनखात्यात काढली, आणि निवृत्त होताना डावा कान तिथेच ठेवून आले. उजवा बरा आहे, पण समोर उभं राहून बोललं तर. पाचवा मी.

समितीचे अध्यक्ष भाऊजी, सचिव मी. ताई सदस्य. भाची निमंत्रित (निमंत्रण तिला ऐकू गेलं नाही). आप्पांना लाभार्थी प्रतिनिधी म्हणून घेतलं. पहिली बैठक स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती झाली आणि तिच्यात सद्यःस्थितीचा आढावा घेण्यात आला. तेव्हा असं लक्षात आलं की सर्व खोल्यांत संगीत पोचवणारी एक व्यवस्था घरात आधीपासूनच कार्यरत होती. आप्पा त्यांचा जुना ट्रान्झिस्टर हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत. ही व्यवस्था पुढील कारणांसाठी रद्द ठरवण्यात आली. एक, ती एकाच वेळी दोन खोल्यांत वाजू शकत नाही. दोन, ती खोकते. तीन, ती दुपारी एक ते अडीच झोपते.

"मग मी काय करू?" आप्पांनी विचारलं.

"तुम्ही फक्त ऐकायचं, आप्पा," भाऊजी म्हणाले. "फिरायचं काम आता संगीत करेल."

आप्पांना हे पटलं असावं. त्यांनी उजवा कान पुढे करून पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मग "बरं" म्हणाले.

त्यानंतर घरातल्या श्रवणविषयक गरजांची पाहणी झाली. एक्केचाळीस प्रश्नांचा फॉर्म मी स्वतः तयार केला. (प्रश्न सतरावा: आपण दुःखात असताना कोणत्या खोलीत जाता? तिथे प्लग आहे का?) पाच फॉर्म वाटले, साडेतीन परत आले. निष्कर्ष असे निघाले: वीस टक्के कुटुंबाला काहीही ऐकायचं नाही. वीस टक्के कुटुंबाची सोय कानात झालेली आहे. वीस टक्के कुटुंबाने एक्केचाळीसही प्रश्नांना "ट्रान्झिस्टर ठीक आहे" असं एकच उत्तर दिलं. उरलेल्या वीस टक्क्यांना सर्व खोल्यांत संगीत हवं होतं, आणि आणखी वीस टक्के त्यांच्याकडे राहत असल्यामुळे त्यांच्याशी सहमत होते. म्हणजे चाळीस टक्के निर्विवाद पाठिंबा. एवढ्यावर माणसं देश चालवतात. आम्हाला फक्त सहा खोल्या चालवायच्या होत्या.

बाहेरची खोली, स्वयंपाकघर, भाऊजी-ताईंची खोली, भाचीची खोली, आप्पांची खोली आणि न्हाणीघर असे सहा विभाग पाडण्यात आले. अडचण आली ती मधल्या पॅसेजची. स्वयंपाकघरातलं गाणं आणि बाहेरच्या खोलीतलं गाणं तिथे समोरासमोर येऊन अडून बसणार, हे भाऊजींनी अनुभवी नजरेने ताडलं. त्यांनी पॅसेजच्या मध्यावर एक लाल-हिरवा दिवा बसवला. दिवा लाल झाला की माणसाने आहे तिथे थांबायचं, म्हणजे आधी गाण्याला जाता येईल. तेव्हा घरात अजून एकही स्पीकर आलेला नव्हता, पण शिस्त आधी लावलेली बरी.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघालो तेव्हा आप्पा खांद्यावर टॉवेल टाकून पॅसेजमध्ये उभे होते.

"आप्पा, जा ना."

"लाल आहे रे."

"किती वेळ झाला?"

"नऊ मिनिटं असतील. पण मागून कोणी येत नाहीये, म्हणून बरंय."

दिवा तत्त्वतः मान्य करून काढून टाकण्यात आला.

मग तज्ज्ञ आला. ध्वनितज्ज्ञ हा अत्यंत दुर्मीळ प्राणी असून तो टाळ्या वाजवून घर तपासतो. त्याने प्रत्येक खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवली, डोळे मिटले, आणि वहीत काहीतरी लिहिलं. आप्पांच्या खोलीत त्याने टाळी वाजवली तेव्हा आप्पा पलंगावर उठून बसले आणि त्यांनी नम्रपणे हात जोडले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. तज्ज्ञाने दुसरी टाळी वाजवली नाही. त्याचं काम एकीत झालं होतं.

"घरात माणसं किती?" त्याने शेवटी विचारलं.

"पाच," भाऊजी म्हणाले.

तज्ज्ञाने खेदाने मान हलवली. "माणूस आवाज पितो. आणि वर स्वतः आवाज करतोही."

"मग यावर उपाय?"

"रिकाम्या घरात निकाल फार सुंदर येतात."

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताईने भाऊजींकडे अशा काही नजरेने पाहिलं, की तो पर्याय इतिवृत्तात घेऊ नये असं मला सचिव या नात्याने वाटलं.

तज्ज्ञाने दुसरा उपाय सुचवला, आणि तो खरोखर अलौकिक होता. प्रत्येक खोलीत स्पीकरच्या शेजारी एक बारीक माइक बसवायचा. हा माइक घरातले अनावश्यक आवाज ऐकणार. कुठल्याही एका खोलीत असा आवाज झाला, की तो दुसऱ्या खोल्यांत पोचून रसभंग होऊ नये म्हणून सगळ्या खोल्यांतलं संगीत तेवढ्याच प्रमाणात वाढणार. आवाज थांबला की संगीत खाली येणार. घरात कितीही आपटाआपटी झाली तरी ती कोणाच्या कानावर जाणार नाही. फक्त कोणते आवाज आवश्यक आणि कोणते अनावश्यक, हे यंत्राला एकदा शिकवायला हवं.

भाऊजींचे डोळे भरून आले. आपल्या चौकात असं काही करता आलं असतं तर, असा विचार त्यांच्या मनात आला असावा.

वर्गीकरणाला एकोणीस दिवस लागले. एकूण चारशे बारा आवाज नोंदवले गेले. त्यांतले सहा आवश्यक ठरले, त्यात किटलीची शिट्टी, काच फुटण्याचा आवाज आणि भाऊजींच्या वरिष्ठांचा फोन यांचा समावेश होता. बाकी सगळे अनावश्यक. भांडी. खुर्ची सरकवणं. भाचीचं दार (तिला रागाशिवाय दार लावता येत नाही). शिंका. दारावरची बेल, कारण बेल वाजवणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना काहीतरी विकायचं असतं. ताई भाजी चिरताना स्वतःशी पुटपुटते ते. माझं घोरणं, यावर मतदान झालं आणि मी एकटा विरोधात पडलो.

आप्पांच्या बाबतीत थोडा पेच होता. त्यांना एक सवय आहे. दिवसातून पंधरा-वीस वेळा ते असतील तिथून हाक मारतात, "अरे, कोण आहे का?" घरातलं कोणीतरी ओरडून सांगतं, "आहे, आप्पा." मग ते म्हणतात, "बरं." एवढंच. मी आठवडाभर आकडे ठेवले. एकशे सव्वीस हाकांपैकी एकशे बावीस हाकांत आप्पांचं काहीही काम नव्हतं, तीन वेळा चष्मा हवा होता आणि एकदा ते मलाच विचारत होते की तू इथे काय लिहितोयस. म्हणजे शहाण्णव टक्क्यांहून अधिक हाका निष्कारण.

भाऊजींनी आकडे पाहिले. जरा वेळ पेन्सिल कानावर फिरवली. "तुला काय वाटतं?" असं त्यांनी ताईला विचारलं. ताई त्या दिवशी चारशे नंबर पुकारून आली होती. "काय ते करा," ती म्हणाली, "पण लवकर करा." हाक अनावश्यक आवाजांच्या यादीत दोनशे सातव्या क्रमांकावर गेली. ती नोंद माझ्या हातची आहे. अक्षर चांगलं आलंय.

जोडणीसाठी जो वायरमन आला, तो मोजकं बोलणारा होता. न्हाणीघरात स्पीकर दाराच्या वर बसवायचा ठरलं होतं. वायर दाराच्या चौकटीवरून पट्टीखालून खाली आणली, ती नेमकी आतल्या कडीच्या अंगावरून.

"कडी जरा घट्ट लागेल," वायरमन म्हणाला.

"म्हणजे किती घट्ट?" मी विचारलं.

"लागेल."

मी इतिवृत्तात "कडी लागते" असं लिहिलं.

आणि मग एका संध्याकाळी भाऊजींनी बटण दाबलं, आणि सहाही खोल्यांत एकाच क्षणी एकच गाणं सुरू झालं. या व्यवस्थेला नावं ठेवणाऱ्यांनी तो क्षण अनुभवायला हवा होता. मी बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेलो, तर गाणं माझ्या आधी तिथे पोचलेलं. न्हाणीघरात गेलो, तिथेही तेच. घरात लपायला जागा उरली नव्हती. ताईने किटली आपटून ठेवली, तसं गाणं किंचित वाढलं आणि आपटणं त्यात विरघळून गेलं. भाऊजींनी मुद्दाम खुर्ची ओढली. गाणं वाढलं, खुर्ची नाहीशी. "बघितलंस?" ते म्हणाले, पण ते मला ओठांवरून कळलं.

पुढच्या सात आठवड्यांत घराने जी प्रगती केली तिचे आकडे माझ्याकडे आहेत. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून बोलण्याचं प्रमाण दिवसाला एकतीसवरून चारवर आलं. भांडणं नव्वद टक्क्यांनी घटली. भांडण सुरू होताच संगीत वाढत असे आणि दुसऱ्या पक्षाला आपण कशावर चिडायचं तेच समजत नसे. ताई पुटपुटेनाशी झाली. आप्पांच्या हाकांची संख्या मात्र मला नोंदवता आली नाही, कारण त्या ऐकू येत नव्हत्या. कधी पॅसेजमधून जाताना आप्पा दाराकडे तोंड करून बसलेले दिसत. मी हात हलवला की तेही हात हलवत. हा बदल मी "लाभार्थी समाधानी" या सदरात टाकला.

आता त्या शनिवार दुपारची हकीकत सांगतो. ती चौकशी अहवालात आहेच, पण तिथे वेळा आणि आकडे आहेत, माणसं कमी आहेत.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी आप्पा आंघोळीला गेले. सगळे घरात होतो. भाऊजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते, मी त्यांच्या समोर, ताई आतल्या खोलीत आडवी झाली होती, भाची तिच्या खोलीत. हलकं वाद्यसंगीत चालू होतं. साधारण तीनच्या सुमारास ते थोडं चढलं. भाऊजींनी पेपर खाली केला.

"आज उठाव काही वेगळाच आहे," ते म्हणाले.

पाच मिनिटांत ते आणखी चढलं. मग ओसरलं, मग पुन्हा चढलं, आणि यात अशी एक लय होती, अशी एक ओढ होती, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. खालून एखादी लाट यावी, फुटावी, मागे जावी आणि पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत यावी, तसं. ताई बाहेर आली. "कोणी वाढवलं?" तिने खुणेनेच विचारलं. कोणीच वाढवलं नव्हतं. ती दारात उभी राहिली, मग हळूच येऊन भाऊजींच्या शेजारी बसली. ताईला मी असं काही ऐकत बसलेलं लग्नाआधीसुद्धा पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने भाची आली, आणि तिच्या कानांत काही नव्हतं. कान चांगले होते, आईसारखे.

"मामा, मस्त वाजतंय!" ती माझ्या कानाशी ओरडली.

आम्ही चौघं त्या खोलीत बसून राहिलो. कोणी बोलत नव्हतं, बोललं तरी ऐकू येणार नव्हतं. भाऊजींनी डोळे मिटले होते. ताईचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. एवढी वर्षं ज्यासाठी धडपडलो ते हेच, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि मला मनापासून वाटलं की या माणसाला आपण उगाच हसत आलो.

साडेचारला घरातली वीज गेली.

सगळं थांबलं. पंखा फिरत फिरत थांबला. आणि त्या शांततेत न्हाणीघरातून एक आवाज आला. घोगरा, फाटलेला, कोणाचा ते पहिल्यांदा ओळखूही येईना.

"अरे... कोण आहे का?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. उत्तर द्यायची सवय मोडली होती. सगळ्यांत आधी ताई उठली. "आहे, आप्पा! आहे!" असं ओरडत ती धावली, आणि तिच्या मागे आम्ही.

वीज गेली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांनी जिन्याखालचा आमचा मेन स्विच पाडला होता. त्यांना तासभर न्हाणीघराच्या पाइपावर ठकठक ऐकू येत होती. ते दोनदा वर येऊन बेल वाजवून गेले होते (बेलमुळे त्या दुपारी संगीताला दोन वेळा विशेष बहर आल्याचं नोंदीत दिसतं). आता ते धापा टाकत वर आले. आतून कडी पट्टीखाली अडकून बसली होती आणि आप्पांच्या हातांत ती सरकवण्याएवढा जोर नव्हता. भाऊजींनी दाराला खांदा दिला. दार हललं नाही, खांदा हलला. शेवटी चष्मेवाल्यांनी खिशातून चष्म्याचे स्क्रू पिळायचा नखाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला, दाराच्या फटीतून आत घालून चाचपडत पट्टीचा एक स्क्रू सैल केला, आणि आप्पांना म्हणाले, "आजोबा, आता ओढा."

आप्पा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. हातात प्लॅस्टिकचा मग होता, त्याची कड पाइपावर आपटून आपटून उडाली होती. ताईने त्यांना खुर्चीवर बसवलं, भाचीने आजोबांचे पाय पुसले. भाऊजी भिंतीला टेकून उभे होते, खांदा धरून.

"आप्पा, बरं वाटतंय का?" ते म्हणाले.

"हो. गाणं छान होतं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "पण फार मोठं होतं रे. मी सांगत होतो, जरा कमी करा. मी सांगितलं की वाढायचं. मग मी आणखी ओरडून सांगायचो."



चौकशी समिती नेमणं क्रमप्राप्त होतं. (अध्यक्ष भाऊजी, सचिव मी.) अहवालात नमूद आहे की व्यवस्थेने एक तास पस्तीस मिनिटं अखंड आणि शंभर टक्के अचूक काम केलं. दोनशे सातव्या क्रमांकाच्या आवाजाला तिने एकदाही दाद दिली नाही. दोष निश्चित करता आला नाही. शिफारशी तीन: लाभार्थ्याने संकटकाळी शांत राहावं, म्हणजे संगीत आपोआप उतरेल. संगीत पुरेसं उतरल्यावर त्याने हाक मारावी. हाक मारल्याने संगीत पुन्हा चढल्यास पहिल्या शिफारशीपासून सुरुवात करावी.

अहवालात एक गोष्ट नाही. त्याच दिवशी संध्याकाळी भाऊजी मला म्हणाले, "तू पॅसेजमध्ये उभा राहा." त्यांनी व्यवस्था चालू केली, न्हाणीघरात गेले आणि दार ओढून घेतलं. संगीत चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. दहा मिनिटं मी तिथे उभा होतो. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"काय ऐकू आलं?"

"काही नाही, भाऊजी."

"मी काय ओरडत होतो ते कळलं?"

"नाही."

ते मान हलवत राहिले. "म्हणजे आकडे बरोबर आहेत," असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या टप्प्याचा आराखडा हाती घेतला. माणूस हादरला की आपल्याला जे येतं ते करतो.

आप्पांनी आठवडाभर वाट पाहिली आणि मग एका सकाळी ते बॅग भरून बाहेरच्या खोलीत येऊन बसले. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे भाऊजींची आत्या, दोन बसथांब्यांवर एकटी राहते. तिचं वय पंचाहत्तर. तिच्याशी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त कोणाचं पटलेलं नाही, यात तिचे दिवंगत यजमानही आले.

"तिच्याकडे? आप्पा, ती दिवसभर भांडते," भाऊजी म्हणाले.

"भांडते ना."

"तुम्हाला तिथे शांतता नाही मिळायची."

"नको आहे रे मला," आप्पा म्हणाले. "ती भांडते, पण ते माझ्याशी भांडते."

"मी दुसऱ्या टप्प्यात हाकेची सोय करतोय. फक्त तीन महिने द्या."

"टप्पा झाला की सांगायला ये," आप्पांनी उठता उठता सांगितलं. "ये, पण तिथे येऊन सांग."

मी त्यांचा ट्रान्झिस्टर कपाटातून काढून आणला. तो राहू दे, म्हणाले. आत्याला स्वतःचा सोडून दुसरा आवाज खपत नाही.

ताई आता ड्यूटीवरून सरळ तिकडे जाते. दिवसभर नंबर पुकारलेली बाई तिथे जाऊन आत्याबाईंचं बोलणं कसं सहन करते, हे मी एकदा तिला विचारलं. "त्या ओरडतात, मी ऐकत नाही," ती म्हणाली, "पण मध्येच मला विचारतात, ऐकतेयस ना? मग दोन वाक्यं ऐकते." भाचीही शाळा सुटल्यावर जाते. तिथे इयरफोन घातले तर आत्याबाई ते ओढून काढतात. मी सचिव असल्यामुळे तुलनात्मक अभ्यासासाठी जातो, आणि अभ्यास लांबल्यास जेवून येतो.

त्यामुळे घरात बहुतेक वेळ भाऊजी एकटे असतात, आणि व्यवस्था कधी नव्हे इतकी निर्दोष चालू आहे. अनावश्यक आवाजांचं प्रमाण शून्यावर आलं आहे. यंत्राच्या हिशेबाने झाकायला काहीच उरलेलं नसल्याने संगीत उतरत उतरत इतकं खाली गेलं आहे, की सहाही खोल्यांत ते अहोरात्र वाजतं आणि एकाही खोलीत ऐकू येत नाही. तज्ज्ञाने येऊन पाहणी केली, एक टाळी वाजवली आणि हात मिळवले. असा निकाल त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. भाऊजी मधूनमधून खुर्ची सरकवतात. मग दोन-चार क्षण गाणं येतं. ते संपलं की पुन्हा सरकवतात.

दर रविवारी ते दुसऱ्या टप्प्याची फाइल काखेत मारून आत्याबाईंकडे जातात. अजून ती उघडायची संधी त्यांना मिळालेली नाही, कारण दारातच आत्याबाई त्यांना फैलावर घेतात आणि आप्पा आतून विचारतात, "अरे, कोण आलंय?" मागच्या रविवारी ते फाइल तिथेच विसरून आले आणि आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मी याची कुठेही नोंद केलेली नाही.

इमारतीत मात्र व्यवस्थेचा बोलबाला झाला आहे. त्या शनिवारच्या दुपारी जे वाजलं ते चार मजले ऐकत होते, आणि तेव्हापासून अकरा कुटुंबांनी चौकशी केली आहे. सगळ्यांची एकच विनंती आहे: आमच्याकडेही अगदी तसंच वाजलं पाहिजे. मी त्यांना फॉर्म दिले आहेत.

तुमच्याकडे असलं काही नाही, तुमचं घर लहान आहे आणि तुमच्या माणसांचं तुम्हाला सगळं ऐकू येतं, याबद्दल तुमचं अभिनंदन. फक्त एक सांगा. मघाशी हे वाचत असताना आतून तुम्हाला कोणीतरी काहीतरी विचारलं, आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. काय विचारलं होतं?